साठीनंतरची ई-सायकल
आयुष्यभर टांग टाकून सायकलवर बसणाऱ्याने ई-सायकल घेतल्यावर आधी मोडायची ती हीच सवय. कारण अनेक ई-सायकलींत पायडल जरासे फिरताच मोटर ओढ घेते आणि एक पाय हवेत असताना तोल जातो. म्हणून ब्रेक दाबून धरावा, सीटवर बसून एक पाय जमिनीवर टेकवावा आणि मोटरच्या मदतीच्या सर्वांत खालच्या पातळीवर निघावे. थांबण्यापूर्वी हलका गिअर टाकावा. कात्रजच्या चढावर मदत वाढवावी, पण पायडल मारणे सोडू नये. २५० वॉटची मोटर गुडघ्यांवरचा भार हलका करते, तेवढेच तिचे काम. उतारावर मात्र वीसएक किलोचे वजन जाणवते (जुनी काळी सायकलही काही फुलासारखी नव्हती), तेव्हा दोन्ही ब्रेक लवकर आणि हळूहळू लावावेत. जिन्यावरून सायकल न्यायची असल्यास आधी बॅटरी काढून घ्यावी.