एअर रायफलचा पेलेट (छोटी शिशाची गोळी) महागातला नको, जुळणारा हवा: असं तपासा

पुण्यात बालेवाडीला शूटिंग रेंजवर नवीन आलेलं पोरगं कधी ना कधी हे विचारतंच, की बाहेरच्या देशात लोक घरी शिसं वितळवून साच्यात गोळ्या ओततात, त्या फॅक्टरीच्या जॅकेटवाल्या, म्हणजे वरून तांब्याचं कवच असलेल्या, गोळीसारख्या नेमक्या लागतात का. लागतात, पण दमाने मारल्या तर. मोठ्या रायफलची तांब्याच्या जॅकेटची गोळी सेकंदाला ८०० मीटरच्या वर जाते, त्या वेगाला नुसतं शिसं टिकत नाही, मागचा तापलेला गॅस गोळीच्या कडेने घुसतो, बॅरलला म्हणजे नळीला आतून शिसं धरतं आणि ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा घोळका, पसरतो. म्हणून ओतणारे शिशात कथील आणि अँटिमनी घालतात, बुडाला तांब्याची छोटी टोपी बसवतात आणि वेग ५००-६०० च्या आसपासच ठेवतात. ओतताना आत बुडबुडा राहिला की तोल गेलाच, आर वाकडी बसलेला भोवरा कसा फिरतो तसं. आपण हे घरी करायचं नाही हां, गोळ्या बनवायला आर्म्स ॲक्ट १९५९ खाली लायसन्स लागतं.

पण म्हणून शिसं बेभरवशाचं असं समजू नका. पॉइंट टू टू (.२२ इंची) रायफलच्या मॅच म्हणजे स्पर्धेच्या गोळीला जॅकेट नसतंच, वंगण लावलेलं साधं शिसं, वजन ४० ग्रेन (साधारण २.६ ग्रॅम), वेग आवाजापेक्षा थोडा कमी. आपल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून, उभं राहून) ब्राँझ आणलं ते असल्याच गोळीवर. म्हणजे मुद्दा धातूचा कमी, वेगाचा आणि बॅरलशी जुळण्याचा जास्त, आणि १० मीटर एअर रायफलला पण सगळा खेळ ह्या जुळण्याचाच आहे.

आता कामाचं. ४.५ मिलिमीटरच्या पेलेटमध्येसुद्धा हेडचे म्हणजे पुढच्या डोक्याचे साइज असतात, ४.४९, ४.५०, ४.५१ वगैरे, डब्यावर छापलेलं असतं. तुमच्या बॅरलला कुठला आवडतो हे दुकानदार सांगू शकत नाही, कोच पण नाही, मारूनच कळतं. एकदम दहा डबे घेऊ नका, वेगवेगळ्या साइजचा एकेक घ्या, जमलं तर मित्रांमध्ये वाटून.

आधी पेलेट बघा. पांढऱ्या कागदावर मूठभर ओता आणि एकेक उचलून मागून बघा, स्कर्ट म्हणजे मागची पातळ गोल कड, ती गोल आहे का एका बाजूने चेपलीये. बसच्या धक्क्यात डबा हललेला असला की चेपलेले निघतातच, ते सरावाला बाजूला. वजन करायचा नाद असेल तर किचनचा काटा काही कामाचा नाही, पेलेट साधारण अर्ध्या ग्रॅमचा, मिलिग्रॅम दाखवणारा काटा लागतो. मी आणला होता, दोन आठवडे वजनं केली, माझ्या स्कोअरला काडीचा फरक पडला नाही, त्यापेक्षा स्कर्ट बघण्यात वेळ घालवा.

मग रायफल टेकवून मारायची, हातात धरून नाही, नाहीतर तुम्ही पेलेट नाही स्वतःचा श्वास तपासताय. रेंजवर व्हाइस (रायफल घट्ट पकडून ठेवणारा शिकंजा) असेल तर उत्तम, नाहीतर वाळूच्या पिशव्या, पण प्रत्येक वेळी रायफल त्याच जागी टेकली पाहिजे. पेलेट बदलला की पहिले दहाएक शॉट मोजायचे नाहीत, बॅरलला नवीन शिशाची सवय होऊ द्या.

आणि पाच शॉटवर निर्णय घेऊ नका, हे मी हात भाजून शिकलोय. एका डब्याचा पाच शॉटचा ग्रुप असा आला की सगळे एकाच भोकात, मी त्याच संध्याकाळी आठ डबे ऑर्डर केले, नंतर दहा-दहाचे ग्रुप मारले तर दर वेळी एखादा शॉट डावीकडे पळालेला! दहाचे निदान तीन ग्रुप मारा, आणि साइज आलटून पालटून, म्हणजे एकाच्या वाट्याला ताजी सकाळ आणि दुसऱ्याच्या वाट्याला दमलेली दुपार असं नको.

मोजणं सोपं आहे. पुण्यात बोहरी आळीत साधा डिजिटल व्हर्नियर (बारीक मापाचा कॅलिपर) मिळतो, एकमेकांपासून सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा आणि त्यातून ४.५ वजा करा. एअर रायफलच्या टार्गेटचा दहाचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर, खसखशीच्या दाण्याहून बारीक, त्यामुळे इथे अर्ध्या मिलिमीटरचा फरक पण डेसिमल स्कोअरमध्ये (१०.३, १०.४ असे दशांशातले गुण) दिसतो. पण एखादाच बारीक ग्रुप बघून खूश होऊ नका, तिन्हीतला सगळ्यात वाईट कुठला ते बघा, मी तरी त्यावरच ठरवतो.

झालं की हात साबणाने धुवा मगच वडापावला हात लावा, शिसं आहे ते.

जो जिंकला त्याच्या डब्यावरच्या लॉट नंबरचा (एका खेपेत बनलेल्या मालाचा नंबर) फोटो काढा आणि त्याच लॉटचे सीझनभराचे डबे उचला, कारण पुढच्या वेळी तोच ब्रँड तोच साइज मागितला तरी लॉट वेगळा येतो आणि मग परत वाळूच्या पिशव्या काढा.