लिव्हिंग विल कसं करायचं, नीट समजून घ्या

घरात एफडी, नॉमिनी, सातबारा सगळं बोललं जातं, पण उद्या आयसीयूत शुद्धच राहिली नाही तर व्हेंटिलेटर लावायचा का आणि किती दिवस, हा विषय कोणी काढतच नाही. मग ऐनवेळी भावंडांमध्ये वाद होतात आणि बिचाऱ्या पेशंटला काय हवं होतं ते बाजूलाच राहतं. म्हणून हातपाय धड आहेत तोवरच लिव्हिंग विल, म्हणजे अशा वेळी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद, करून ठेवा.

सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ ला लिव्हिंग विलला मान्यता दिली, पण तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची म्हणून लोक त्या वाटेला जातच नव्हते. २४ जानेवारी २०२३ ला ती अट काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर, बस.

कागदावर मोघम लिहू नका. "मला त्रास नको" याचा अर्थ डॉक्टर काय लावणार? बरं होण्याची आशाच नसेल तर व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीने अन्न यातलं काय नको ते एकेक लिहा, त्याआधी फॅमिली डॉक्टरसोबत बसून प्रत्येकाचा अर्थ समजून घ्या. तुम्ही बोलू शकत नसाल तेव्हा कोण बोलणार त्यांची नावं टाका, एकापेक्षा जास्त चालतात. माझं मत विचाराल तर सगळ्यात जवळचा माणूस नाही, जो त्या क्षणी ठाम राहील तो निवडा, आणि त्याला आधी विचारा.

कॉपी त्या माणसांना द्या, फॅमिली डॉक्टरला द्या, आणि एक महापालिका किंवा नगरपालिकेने नेमलेल्या कस्टोडियनकडे, म्हणजे हे कागद सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे. ऑफिसात विचारावं लागेल, पण सोडू नका.

पुढे वेळ आली तरी लगेच मशीन बंद होत नाही. आधी हॉस्पिटलचं तीन डॉक्टरांचं बोर्ड बघतं, मग दुसरं बोर्ड, त्यात जिल्ह्याच्या सीएमओने (मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने) नेमलेला एक डॉक्टर असतो, दोन्ही बोर्डांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, आणि मशीन काढण्याआधी मॅजिस्ट्रेटला कळवायचं. बोर्डाने नाही म्हटलं तर घरचे हायकोर्टात जाऊ शकतात.

इंजेक्शन देऊन मरण देणं हा आजही गुन्हाच आहे, ते यात येत नाही. वेदना कमी करणारे उपचार मात्र शेवटपर्यंत चालू ठेवायचे असतात, तेही स्पष्ट लिहा. मत बदललं तर विल कधीही लेखी रद्द करता येतं, फक्त ज्यांच्याकडे जुनी कॉपी आहे त्या सगळ्यांना कळवा.