मॅप सेन्सर नवीन घ्यायच्या आधी एवढं बघा

चेक इंजिन लाईट लागली आणि स्कॅनरवर (गाडीतले एरर कोड वाचायचं यंत्र) पी ०१०६, ०१०७ नाहीतर ०१०८ कोड दिसला की लोक लगेच नवीन मॅप सेन्सर मागवतात. मीपण तेच केलं होतं, नवीन बसवला, दोन दिवसांनी लाईट परत हजर, आणि निघालं काय तर सेन्सरला जाणारी व्हॅक्यूमची नळी खालून चिरलेली!

हा सेन्सर इनटेक मॅनिफोल्डमधलं (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधलं) प्रेशर मोजतो आणि त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. नळी फाटली की त्याला बाहेरचंच प्रेशर दिसतं, ईसीयूला वाटतं इंजिनवर लोड आहे, पेट्रोल जास्त जातं, मग काळा धूर, आयडलला (एक्सलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) थरथर, एव्हरेज गंडलेलं. (काही गाड्यांत नळी नसते, सेन्सर थेट मॅनिफोल्डवर असतो, तिथे ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी सील, बघा.)

स्कॅनर असेल तर लाईव्ह डेटा उघडा. इग्निशन ऑन, इंजिन बंद, तेव्हा रीडिंग बाहेरच्या हवेएवढं पाहिजे, म्हणजे समुद्रसपाटीला साधारण १०० केपीए (किलोपास्कल, प्रेशरचं माप), उंचावर कमी, १००० मीटरवर ९० च्या आसपास. इंजिन गरम होऊन आयडलला आलं की ३० ते ४० केपीए. हे टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीचे आकडे बरं का. इंजिन चालू केल्यावरही आकडा हलत नसेल तर नळी, वायर किंवा सेन्सर, तिघांपैकी कोणीतरी गेलंय.

आता मल्टीमीटर. इग्निशन बंद करून कनेक्टर काढा, पिना हिरव्या पडल्यात का बघा, मग इग्निशन ऑन करून वायरिंगच्या बाजूला रेफरन्स (ईसीयूकडून सेन्सरला येणारा सप्लाय) आणि ग्राउंडमध्ये मोजा, ५ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. येत नसतील तर सेन्सरला शिव्या देऊ नका, गडबड वायरिंगमध्ये किंवा पुढे ईसीयूकडे आहे. आले तर कनेक्टर परत लावून सिग्नल वायरला (सेन्सरचं रीडिंग ईसीयूकडे नेणारी) मागून मल्टीमीटरचा प्रोब घाला, इंजिन बंद असताना ४ ते ४.७ व्होल्ट, आयडलला १ ते २. कुठली वायर कशाची ते गाडीच्या डायग्राममध्ये बघा, अंदाजपंचे नको.

सेन्सर काढलाच आहे तर त्याचं भोक बघा, तेल-काजळी असेल तर इलेक्ट्रॉनिक क्लीनर मारा आणि पूर्ण वाळू द्या. आत टाचणी घालायची नाही, आणि कार्ब क्लीनर तर अजिबात नको, प्लास्टिक आणि सील खराब होतात.

नवीनच लागला तर पार्ट नंबर जुळवून घ्या, दिसायला सेम असलेल्या दोन सेन्सरची रेंज वेगळी असू शकते. ओ-रिंगला तेलाचा हलका हात, स्क्रू बेताने आवळा, कोड क्लीअर करा, एक चक्कर मारून या.

आणि नवीन बसवूनही आयडलला ५५-६० केपीए दाखवत असेल तर सेन्सर खरं सांगतोय, इनटेकमध्ये हवा कुठून शिरतेय ते, टायमिंग आणि चोक झालेला सायलेन्सर बघा.