मोबाइलवरून बिल्डिंग चालवताय? मग या चुका टाळा

पहाटे साडेपाचला अंथरुणात पडल्यापडल्या चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारं यंत्र) चालू करता येतो. मीही करतो. पण बीएमएसचं (बिल्डिंगची यंत्रं एका जागेवरून चालवणाऱ्या सिस्टीमचं) ॲप लोकांच्या खिशात गेल्यापासून मला जे फोन येतात, त्यांतले बरेचसे यंत्र बिघडल्याचे नसतात, बोटांनी घातलेल्या घोळाचे असतात. वर्षानुवर्षं पुण्यात आणि आसपास हेच काम करतोय आणि घोळ तेच ते आहेत.

पूर्वी व्हॉल्व्ह उघडायचा म्हटलं तरी तळघरातल्या बीएमएस रूममध्ये जाऊन त्या एकमेव कॉम्प्युटरसमोर बसावं लागायचं. वाटेत पंप रूम लागायची. तिथला माणूस हातातलं काम न थांबवता सांगायचा, "साहेब, दोन नंबरच्या पंपाचं सील गळतंय." ॲपने तो जिना वाचवला, आणि तो माणूसही वाटेतून गेला. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका तिथून सुरू होतात.

ओव्हरराइड करून विसरणं

ओव्हरराइड म्हणजे प्रोग्रॅमला बाजूला सारून हाताने दिलेला हुकूम. ही पहिली चूक माझी स्वतःची आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

मार्चमधला शनिवार. मी साताऱ्याला मावसभावाच्या लग्नात, पंगतीत बसलेलो. एका बिल्डिंगमधून फोन आला, "सर, ट्रेनिंग हॉल गरम आहे, पाहुणे येऊन बसलेत." डाव्या हाताने ॲप उघडलं आणि त्या हॉलच्या एएचयूचा (थंड हवा फेकणाऱ्या युनिटचा) चिल्ड वॉटर व्हॉल्व्ह शंभर टक्के उघडला. थोड्या वेळाने "थँक यू सर" असा मेसेज आला. मी जिलेबी खाल्ली आणि विषय विसरलो.

मे महिन्यात त्याच बिल्डिंगला गेलो, तर त्या हॉलमध्ये बायका शाली पांघरून ट्रेनिंग घेत होत्या. बाहेर चाळीस अंशांचं ऊन. हाउसकीपिंगवाल्यांनी दोन डिफ्यूझरना (हवा बाहेर येते त्या जाळ्यांना) पुठ्ठा चिकटवला होता. त्याच पाइपलाइनच्या टोकाला असलेल्या वरच्या मजल्याची तक्रार बरोबर उलटी: तिथे गरम होत होतं. उघडच होतं. अलीकडचा व्हॉल्व्ह सताड उघडा, थंड पाणी तिथेच जास्त वाहणार आणि टोकाला कमी पडणार. म्हणून कुणीतरी चिलरचा सेटपॉइंट (ठरवून दिलेलं तापमान) आणखी खाली ओढून ठेवला होता. म्हणजे हॉलमधली मंडळी अजून गारठली.

साइटवरच्या ऑपरेटरने आपल्या कॉम्प्युटरवर त्या व्हॉल्व्हला कितीतरी वेळा "ऑटो" केलं होतं. व्हॉल्व्ह ढिम्म. त्याने निष्कर्ष काढला की ॲक्च्युएटर (व्हॉल्व्ह फिरवणारी मोटर) गेला. नवा मागवला, बसवला. नवाही शंभर टक्क्यांवर जाऊन बसला. तेव्हा कुठे मला बोलावलं गेलं.

कारण ॲक्च्युएटरमध्ये नव्हतंच. बॅकनेटमध्ये (बिल्डिंगमधली उपकरणं ज्या भाषेत एकमेकांशी बोलतात तिच्यात) व्हॉल्व्ह किंवा फॅनसारख्या आउटपुटला हुकूम देण्याच्या सोळा पायऱ्या असतात. एक नंबरची सगळ्यात वरची, सोळा नंबरची सगळ्यात खालची. जी सगळ्यात वरची पायरी भरलेली असेल तिचंच ऐकलं जातं. तापमान पाहून व्हॉल्व्ह हलवणारा प्रोग्रॅम सोळाव्या पायरीवर लिहीत होता. साइटवरचा कॉम्प्युटर दहाव्या पायरीवर लिहायला सेट केलेला होता. आणि माझं ॲप आठव्या पायरीवर लिहून मोकळं झालं होतं. आठवी पायरी स्टँडर्डनुसार ऑपरेटरच्या हाताने दिलेल्या हुकमासाठीच आहे. बिचारा ऑपरेटर "ऑटो" दाबून स्वतःची दहावी पायरी रिकामी करत होता. माझी आठवी तशीच भरलेली. सोळावर प्रोग्रॅम "बंद कर, बंद कर" म्हणून ओरडत होता आणि कोणी ऐकत नव्हतं.

तेव्हा एखादा पॉइंट ऐकत नसेल तर पान्हा उचलण्याआधी त्याचा प्रायॉरिटी ॲरे उघडून बघा. सोळाही पायऱ्या दिसतात. कुठल्या पायरीवर आकडा अडकलाय ते कळलं की त्याच पायरीवरून "रिलीज" करा.

इथे नवशिके हमखास एक गोष्ट करतात: रिलीज करण्याऐवजी शून्य टक्के लिहितात. शून्य हाही हुकूमच आहे! आधी व्हॉल्व्ह कायमचा उघडा होता, आता कायमचा बंद राहील.

माझी सवय आता अशी. ॲपमध्ये ओव्हरराइडला मुदत देता येत असेल तर दोन तासांची देतो, त्याहून जास्त कधीच नाही. मुदतीची सोय नसेल तर आधी मोबाइलमध्ये गजर लावतो आणि मग बटन दाबतो. या क्रमात अदलाबदल करत नाही, कारण बटन दाबल्यावर जिलेबी येते. शिवाय दर सोमवारी सकाळच्या चहाबरोबर सगळ्या साइटवरच्या चालू ओव्हरराइडची यादी काढतो. यादी रिकामी निघाली असा सोमवार मला आठवत नाही.

हिरवा ठिपका बघून निश्चिंत होणं

एका ऑफिस बिल्डिंगचा चौथा मजला दोन दिवस गरम होता. आमचा एक ज्युनिअर ठाण्याहून, घरी बसून, ॲपवर बघत होता. एएचयू हिरवा, म्हणजे चालू. मग त्याने सेटपॉइंट 24 वरून 22 केला, थोड्या वेळाने 20, मग 18. पाच-पाच मिनिटांनी. भिंती, फर्निचर, माणसं थंड व्हायला वेळ लागतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण तो मुद्दा वेगळा.

दुसऱ्या दिवशी टेक्निशियन काका वर गेले. बेल्ट तुटून एएचयूच्या तळाशी पडला होता. मोटर मजेत फिरत होती, फॅन जागेवर. ॲपमधला हिरवा ठिपका स्टार्टर पॅनेलमधल्या कॉन्टॅक्टरच्या (मोटरची वीज जोडणाऱ्या स्विचच्या) एका कॉन्टॅक्टवरून येत होता. तो एवढंच सांगतो की कॉन्टॅक्टर ओढला गेलाय. हवा वाहतेय की नाही हे त्याला काय माहीत? फॅनच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक मोजणारा डीपी स्विच असता, किंवा बेल्ट तुटल्यावर मोटरचा करंट घटतो हे ओळखेल असा नीट सेट केलेला करंट स्विच असता, तर पहिल्याच तासात अलार्म आला असता. टेंडरमध्ये चार पैसे वाचवायला पहिली कात्री याच गोष्टींना लागते.

पण खरा प्रसंग पुढे आहे. काकांनी कंट्रोल रूमला फोन केला, "चौथ्याचा एएचयू बंद करा." ऑपरेटरने कॉम्प्युटरवरून बंद केला. काका बेल्ट बसवायला आत वाकले. तिकडे ठाण्यात ज्युनिअरच्या फोनवर चौथ्या मजल्याची पुन्हा तक्रार आली. त्याने ॲप उघडलं, एएचयू बंद दिसला, आणि त्याने तो चालू केला.

काका त्या क्षणी मागे ठेवलेला दुसरा बेल्ट घ्यायला वळले होते. पुलीवर ठेवलेला पान्हा उडून समोरच्या पत्र्यावर आदळला. पोचा अजून तिथे आहे.

त्यांनी मला फोन केला. आवाज अगदी शांत. "साहेब, तुम्ही चालू केलंत का?" एवढंच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

ज्युनिअर म्हणाला, "सर, पण ॲपमध्ये फक्त ऑफ दिसत होतं." बरोबर होतं त्याचं. ॲपमध्ये ऑफ दिसतं. का ऑफ आहे, कुणाचा हात आत आहे, हे दिसत नाही.

ॲपवरून बंद केलेलं यंत्र बंद आहे असं समजून त्याला हात लावायचा नाही. पॅनेलवरचा सिलेक्टर स्विच ऑफवर, आयसोलेटर (वीज तोडणारा स्विच) खाली, त्याला कुलूप, कुलपावर पाटी आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात. सिलेक्टरची स्थिती कंट्रोलरला (प्रोग्रॅम चालवणाऱ्या पेटीला) वायर करून घ्या, म्हणजे ॲपमध्ये "लोकल" असं ठळक दिसेल आणि दूर बसलेला माणूस थबकेल. पण ती वायर म्हणजे सूचना. जीव वाचवणार ते कुलूप. आणि बंद असलेलं कुठलंही फिरणारं यंत्र मोबाइलवरून चालू करण्याआधी साइटवर फोन. फोन लागला नाही तर यंत्र चालू होणार नाही. मजला तापू दे. यावर माझ्याशी वाद घालणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी तो पोचा दाखवायला नेतो.

राउटरमध्ये पोर्ट उघडून देणं

"सर, दहा मिनिटांत होतं." होतं, माहीत आहे. बॅकनेटसाठी 47808, मॉडबस या तशाच दुसऱ्या भाषेसाठी 502, राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) फॉरवर्ड केलं की मोबाइलवर सगळं दिसायला लागतं. तुम्हाला दिसतं तसंच जगालाही दिसतं. मॉडबस 1979 सालचा. नेहमीच्या मॉडबसमध्ये "तू कोण?" हा प्रश्नच नाही, जो लिहील त्याचं तो ऐकतो. साइटवर सर्रास दिसणारं जुनं बॅकनेट आयपीही तसंच. बॅकनेटमध्ये कूटबद्ध, ओळख तपासणारी जोडणी स्टँडर्डच्या 2020 च्या आवृत्तीत दाखल झाली, आणि तुमच्या तळघरातला कंट्रोलर बहुधा त्याहून म्हातारा आहे. इंटरनेटवर उघडी पडलेली उपकरणं शोधून देणारी शोडानसारखी सर्च इंजिनं आहेत, त्यामुळे "आपल्या बिल्डिंगमध्ये कोण कशाला येतंय" हे समाधान फुकाचं. 2013 साली सिडनीतल्या गूगलच्या ऑफिसची बिल्डिंग सिस्टीम सुरक्षा-संशोधकांना अशीच इंटरनेटवर उघडी सापडली होती.

आतून बाहेर जोडणी करणारा गेटवे (कंट्रोलरला इंटरनेटशी जोडणारी पेटी) घ्या, किंवा व्हीपीएन (कूटबद्ध खासगी वाट). बाहेरून आत येणारं एकही पोर्ट नको. आयटीवाल्यांशी भांडण होईल, महिना जाईल. जाऊ दे.

सगळ्यांना एकच लॉगिन

"ॲडमिन" आणि त्याचा पासवर्ड व्हॉट्सॲप ग्रुपवर पिन केलेला. ठाण्यातल्या प्रसंगानंतर लॉग काढला तर प्रत्येक ओळीत कर्ता एकच: ॲडमिन. ज्युनिअरने स्वतःहून सांगितलं म्हणून कळलं.

घड्याळ

वेळापत्रक बरोबर साडेपाच तासांनी चुकत असेल तर डोकं खाजवू नका, गेटवे यूटीसीवर (आपल्याहून साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) आहे. याचा एक छुपा प्रकार असा: रोज सगळं ठीक, फक्त सोमवारी पहाटेचं प्री-कूलिंग (माणसं येण्याआधी बिल्डिंग थंड करणं) होत नाही. आपल्या सोमवारी पहाटे पाचला यूटीसीत रविवारचे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. वेळ बदलून घेतली, वार बघायला विसरले. कमिशनिंगच्या (सिस्टीम पहिल्यांदा तपासून चालू करण्याच्या) दिवशी कंट्रोलर, गेटवे आणि ॲप या तिन्हींची घड्याळं शेजारी ठेवून मी फोटो काढतो.

सुट्ट्यांचं कॅलेंडरही दर वर्षी भरावं लागतं. 26 जानेवारी हलत नाही, गणेश चतुर्थी आणि लक्ष्मीपूजन हलतात. रिकाम्या बिल्डिंगमध्ये दिवाळीभर एएचयू फिरलेले मी पाहिलेत.

जुना आकडा खरा मानणं

संपर्क तुटला तरी काही ॲप शेवटचा आकडा दाखवत बसतात. आकड्याशेजारची वेळ बघा, आणि ट्रेंड (आकड्यांचा आलेख) उघडा. खऱ्या सेन्सरची रेघ थरथरते. तीन दिवस 23.4 असेल तर तिथे सेन्सर बोलत नाहीये.

क्लाउडवर भरवसा ठेवून लिहिलेलं लॉजिक

एका सोसायटीत वरच्या टाकीची पातळी एका गेटवेवर, खालचा पंप दुसऱ्या गेटवेवर, आणि "टाकी भरली की पंप बंद" हा नियम क्लाउडमध्ये. इंटरनेट गेलं, टाकी वाहिली, पाणी लिफ्टच्या डक्टमध्ये उतरलं. ज्याच्यावाचून नुकसान होईल ते लॉजिक कंट्रोलरमध्येच हवं, आणि टाकीला फ्लोट स्विचची वायर थेट पंपाच्या पॅनेलपर्यंत. नेट असो नसो.

"सगळं चालू" बटन

लाइट जाऊन आली की हे दाबायचा मोह होतो. सगळ्या मोटरी एकदम उठल्या, वरून दोन्ही चिलर एकत्र पूर्ण लोडवर गेले की वीजबिलातल्या मॅक्झिमम डिमांडच्या (एका वेळी सगळ्यात जास्त खेचलेल्या विजेच्या) रकान्यात त्याची पावती मिळते. कंट्रोलरमध्ये एकेक यंत्र थांबून थांबून सुरू होईल असं लिहून घ्या आणि ते बटन स्क्रीनवरून काढूनच टाका. चिलर लगेच सुरू झाला नाही तर पुन्हापुन्हा स्टार्ट दाबू नका. कंप्रेसर सांभाळायला त्यात मुद्दाम थांबण्याचा टायमर असतो.

अलार्मचा पाऊस

प्रत्येक गोष्टीचा अलार्म लावला की पहिल्या आठवड्यात लोक ग्रुप म्यूट करतात. मी फोनवर फक्त असे अलार्म पाठवतो ज्यांसाठी रात्री दोनला कुणाला तरी उठवेन. बाकीचे सकाळी वाचायला. आणि फोनच्या बॅटरी सेव्हरने ॲपला झोपवलेलं नाही ना, ते तपासा; "अलार्म आलाच नाही" या तक्रारीचं मूळ पुष्कळदा सर्व्हरवर नसतं, खिशात असतं.

सिम कुणाच्या नावावर?

तळघरातल्या 4जी राउटरमध्ये कुणाचं सिम आहे, रिचार्ज कोण करतं आणि ॲपच्या मुख्य खात्याचा ओटीपी कुणाच्या नंबरवर जातो, हे कागदावर लिहून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा. एका साइटवर मुख्य खातं निवृत्त झालेल्या फॅसिलिटी मॅनेजरच्या नंबरवर निघालं. ते कोकणात गावी गेलेले, आणि त्यांच्या गावात रेंज फक्त देवळाच्या पारापाशी येते. शेवटी ठरलं ते असं: संध्याकाळच्या आरतीला ते पारावर जाणार, तिथून मिस्ड कॉल देणार, आणि तेवढ्यात मी पुण्यातून "ओटीपी पाठवा" दाबायचं. तिसऱ्या दिवशी जमलं.