मुलांचे वाकडे पाय सरळ करताना: हिंज (ज्या बिंदूभोवती हाड फिरतं तो) कुठे बसतो ते आधी बघा

पेडिॲट्रिक ऑर्थोच्या युनिटला नव्याने आलेल्या रेसिडेंटला एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात कळायला हवी. कोन सरळ झाला म्हणजे पाय सरळ झाला असं नाही. यातलं गणित शाळेतल्या भूमितीइतकंच आहे, त्यामुळे दडपण घेऊ नका. मात्र ते न करता थिएटरमध्ये जाऊ नका, कारण मुलाच्या गुडघ्याला आणि घोट्याला पुढची साठ-सत्तर वर्षं त्याच रेषेवर चालायचं असतं.

सगळं उभं राहतं ते स्कॅनोग्रामवर, म्हणजे खुब्यापासून घोट्यापर्यंतच्या पूर्ण पायाच्या एक्स-रेवर. मूल उभं, दोन्ही पायांवर सारखा भार, आखूड पायाखाली ठोकळे, आणि पटेला (गुडघ्याची वाटी) समोर. पावलं समोर नव्हेत, पटेला समोर. टिबियल टॉर्शन (नडगीच्या हाडाला पीळ) असलेल्या मुलाची पावलं सरळ ठेवली की गुडघा फिरतो. त्यात गुडघ्याला थोडं फ्लेक्शन (वाक) असेल तर नसलेला व्हॅरस (पायाला बाहेरच्या बाजूचा बाक) फिल्मवर दिसायला लागतो. पटेला फिमोरल कॉन्डाइल्सच्या (मांडीच्या हाडाच्या खालच्या दोन गोल टोकांच्या) मधोमध दिसत नसेल तर फिल्म परत मागा. टेक्निशियन कुरकुरेल, तरी मागा.

मग आकडे. मेकॅनिकल ॲक्सिस (खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंतची रेषा) गुडघ्याच्या मध्यापासून किंचित आतून, साधारण ८ मिमीवरून जातो. फिमरचा (मांडीच्या हाडाचा) खालचा लॅटरल म्हणजे बाहेरचा कोन आणि टिबियाचा (नडगीच्या हाडाचा) वरचा मेडियल म्हणजे आतला कोन, दोन्ही ८५ ते ९० अंशांत. कोणता कोन बिघडलाय त्यावरून विकृती कोणत्या हाडात आहे ते ठरतं. रिकेट्समध्ये (मुडदूस) बहुधा दोन्ही हाडांत असते, आणि एकाच हाडावर सगळं भागवण्याचा मोह झाला की गुडघ्याची रेषा तिरपी होते.

वयाचा विचार विसरू नका. जन्मतः पाय बाहेर वाकलेले, दीड-दोन वर्षांच्या सुमारास सरळ, तीन-चार वर्षांचं असताना गुडघे सर्वात जास्त जवळ, सातच्या आसपास मोठ्या माणसासारखे. या वाटेवर असलेल्या मुलाला हात लावायचा नसतो. वाटेबाहेरच्या प्रत्येक मुलात अल्कलाइन फॉस्फेटेज, कॅल्शियम, फॉस्फेट आणि व्हिटॅमिन डी आधी. रिकेट्स बरा होण्याआधी केलेली शस्त्रक्रिया वाया जाते, विकृती परत येते. मूल चंद्रपूर किंवा यवतमाळच्या फ्लोराइड पट्ट्यातलं असेल तर पिण्याचं पाणी कुठलं हेही विचारा.

वाढ शिल्लक असेल तर हाड कापण्याआधी गाइडेड ग्रोथचा विचार करा. एट प्लेट ही स्क्रूंनी बसवायची छोटी पट्टी ग्रोथ प्लेटच्या (फायसिस, हाडाच्या टोकाजवळचा वाढीचा थर) एका बाजूला टेन्शन बँडसारखी बसते. ती बाजू थांबते, दुसरी वाढत राहते. किती वेळ लागेल ते कागदावर काढता येतं: मोकळ्या बाजूची वर्षाची वाढ भागिले फायसिसची रुंदी, गुणिले ५७. फिमरच्या खालच्या टोकाला वर्षाला साधारण १० मिमी वाढ आणि ६० मिमी रुंदी धरली तर वर्षाला साडेनऊ अंश, म्हणजे महिन्याला पाऊण अंशाच्या आसपास. टिबियाच्या वरच्या टोकाला ६ मिमी वाढ, म्हणून महिन्याला अर्धा अंश. १५ अंशांच्या व्हॅल्गसला (गुडघे आत झुकणं) फक्त फिमरवर प्लेट लावली तर दीडेक वर्ष लागतं. पालकांना हाच आकडा सांगा, 'लवकर होईल' असं सांगू नका.

प्लेट लावताना पेरिऑस्टियम (हाडावरचं आवरण) उचलायचं नाही. सुई फायसिसमध्ये टोचून सी-आर्मवर (थिएटरमधलं एक्स-रे यंत्र) दोन्ही व्ह्यू बघा. लॅटरल व्ह्यूमध्ये प्लेट मधोमध हवी. फिमरवर ती पुढे सरकली की पुढची वाढ थांबते आणि गुडघा मागे झुकायला लागतो. वजनदार मुलाच्या ब्लाउंट्समध्ये (टिबियाच्या वरच्या टोकाची आतली वाढ खुंटण्याचा आजार) मेटाफिसिसचा (फायसिसला लागून दांड्याकडचा भाग) स्क्रू मोडतो. तिथे सॉलिड स्क्रू किंवा दोन प्लेट. दर तीन महिन्यांनी तपासणी. या पद्धतीत घात होतो तो फॉलोअप चुकल्याने: पाय सरळ होतो, तिथे थांबत नाही, उलट्या बाजूला वळतो. लांबच्या गावाहून येणाऱ्या कुटुंबाचे दोन फोन नंबर आणि पुढची तारीख कार्डावर लिहून द्या.

आता तो सापळा, ज्यात जवळजवळ प्रत्येक नवा हात अडकतो.

वरच्या तुकड्याचा ॲक्सिस आणि खालच्या तुकड्याचा ॲक्सिस जिथे एकमेकांना छेदतात, तो विकृतीचा बिंदू, म्हणजे कोरा. हाड याच बिंदूभोवती फिरवलं तर दोन्ही ॲक्सिस एका रेषेत येतात. दुसऱ्या बिंदूभोवती फिरवलं तर ते समांतर होतात, पण एका रेषेत येत नाहीत. मुलांमध्ये अडचण अशी की कोरा बऱ्याचदा फायसिसवर किंवा सांध्यापाशीच असतो, आणि तिथे करवत चालवता येत नाही. टिबियाच्या वरच्या व्हॅरसमध्ये ट्यूबरकलची (गुडघ्याखालचा पुढचा उंचवटा) वाढही जपायची असते, म्हणून छेद चार-पाच सेंटीमीटर खाली जातो. इथपर्यंत सगळं योग्य आहे. चूक पुढे होते: छेद जिथे घेतला, तिथेच हाड फिरवलं जातं.

आकड्यांत बघा. कोरापासून छेद ४ सेमी खाली, व्हॅरस २० अंश. दर सेंटीमीटरला आणि दर १० अंशांना १.७ मिमी सरकाव लागतो. ४ गुणिले २ गुणिले १.७, म्हणजे जवळपास १४ मिमी. खालचा तुकडा फिरवण्यासोबत एवढा बाहेरच्या बाजूला सरकवला नाही तर घोटा १४ मिमी आतच राहतो. टिबिया २८० मिमी लांब असेल तर हा जवळपास तीन अंशांचा व्हॅरस. थिएटरमधल्या छोट्या फिल्मवर तो दिसत नाही, तिथे कोन अगदी सुंदर दिसतो. तीन महिन्यांनी स्कॅनोग्रामवर ॲक्सिस आतून जाताना दिसतो आणि 'अंडरकरेक्शन झालं' असं नोंदवलं जातं. अंडरकरेक्शन झालेलंच नसतं, सरकवायचं राहिलेलं असतं.

याहून वाईट चूक टेबलावरच होते. खुब्यापासून घोट्यापर्यंत केबल ताणून धरली आणि ॲक्सिस आत दिसला की तीन अंश जास्त फिरवतात. ॲक्सिस मध्यावर येतो, सगळ्यांना बरं वाटतं, पण घोट्याची रेषा तेवढीच तिरपी झालेली असते आणि हाडात झिगझॅग तयार होतो. पुढे तो दुरुस्त करायला दुसरी ऑस्टिओटॉमी (हाड कापण्याची शस्त्रक्रिया) लागते.

उपाय सोपा आहे. फोकल डोम (कमानीसारखा छेद) करत असाल तर कोरामध्ये पिन ठेवा, तिथून चार सेंटीमीटर त्रिज्येवर ३.२ मिमी ड्रिलने भोकांची कमान काढा, ऑस्टिओटोमने (हाडाची छिन्नी) जोडा. तुकडा कमानीवर सरकला की हवा तेवढा सरकाव आपोआप मिळतो. कमान खालच्या बाजूला फुगलेली हवी. वरच्या बाजूला फुगलेली काढली तर तिचं केंद्र छेदाच्याही खाली जातं, आणि सरकाव नेमका उलट्या दिशेला होतो. सरळ छेद घेत असाल तर किती मिलिमीटर सरकवायचं ते ऑपरेशनच्या आदल्या दिवशी प्लॅनवर लिहा.

हा प्लॅन सुरुवातीला सॉफ्टवेअरवर करू नका. ट्रेसिंग पेपर, पेन्सिल, कात्री घ्या. तुकडा कापा, कोरावर टाचणी टोचून फिरवा, मग छेदावर टाचणी टोचून फिरवा. दोन्हींतला फरक बोटांना कळतो. सॉफ्टवेअर उत्तर देतं, पण चुकीच्या जागी ठेवलेल्या बिंदूवरूनही तितक्याच आत्मविश्वासाने देतं. गुरू निवडतानाही हाच निकष लावा: जे सर किंवा मॅडम केसआधी तुमचं ड्रॉइंग मागतात, त्यांच्याकडे थांबा. नुसते भरपूर छेद घेऊ देणारे शोधू नका.

रिंग फिक्सेटरमध्येही (हाडाला बाहेरून धरणारी कड्यांची चौकट) नियम तोच, फक्त हिंज डोळ्यांना दिसतो. दोन्ही हिंज कोराच्या पातळीवर. पाच ते सात दिवस थांबून डिस्ट्रॅक्शन (कापलेलं हाड हळूहळू फाकवणं), बाकाच्या आतल्या बाजूच्या कॉर्टेक्सला (हाडाची कडक भिंत) दिवसाला १ मिमी, चार वेळा पाव-पाव. पण ज्याने ते फाकवायचं तो रॉड कॉर्टेक्सवर नसतो. हिंजपासून कॉर्टेक्स ३ सेमी आणि रॉड १२ सेमीवर असेल तर रॉड दिवसाला ४ मिमी फिरवावा लागतो. १ मिमीच फिरवलात तर हाडाला पाव मिमी मिळतो आणि ते अर्ध्यातच जुळून जातं.

टिबियाचा मोठा कोन एका झटक्यात सरळ करताना फिब्युला (टिबियाशेजारचं बारीक हाड) कापावा लागतो, आणि ती जागा त्याच्या मानेजवळ नको, पेरोनियल नर्व्ह तिथे आहे. व्हॅल्गस सरळ करताना ही नर्व्ह ताणली जाते. मोठा कोन असेल तर हळूहळू करणं बरं. स्नायूंत दाब साचू नये म्हणून अँटिरिअर कॉम्पार्टमेंटची फॅशिओटॉमी (नडगीच्या पुढच्या स्नायूंवरचं आवरण चिरणं) त्याच वेळी करून टाका. रात्री वॉर्डात मूल औषध देऊनही रडत असेल, बोटं हलवली की किंचाळत असेल, तर प्लास्टर पूर्ण चिरा, आतला कापूसही त्वचेपर्यंत कापा, आणि सीनियरला लगेच उठवा. पल्स लागतेय म्हणून सकाळपर्यंत थांबू नका.