फणीला कागद चिकटत नाही? स्थितिक विजेतल्या या चुका टाळा

सातवीचा 'स्थितिक विद्युत' हा धडा ऐन भादव्यात शिकवायला घेतला की वर्गात एकच रड ऐकू येते: "सर, कागद उचलतच नाही." पोट्टे फणी डोक्यावर घासून घासून थकतात, कपटे टेबलावर जागचे हलत नाहीत, आणि शेवटी 'पुस्तकात दिलंय ते लिहून घ्या' म्हणून पान उलटलं जातं. फणीत विजेचा प्रभार तयारच झाला नाही, असं सगळे धरून चालतात. बहुतेक वेळा तो झालेला असतो, टिकलेला नसतो. प्रभार निर्माण करणं सोपं, तो धरून ठेवणं अवघड. प्रयोग फसण्याची निम्म्याहून अधिक कारणं या गळतीतच सापडतात.

तेल, ओल आणि कूलर

पहिला दोष डोक्याचा. गावाकडची लेकरं शाळेत येताना चापूनचोपून खोबरेल लावून येतात. तेलकट केसांवर फणी घसरते, दोन्ही पृष्ठभागांचा नीट स्पर्शच होत नाही आणि वर फणीलाही तेलाचा थर बसतो. केसांचा नाद सोडा. इलेक्ट्रिक फिटिंगचा पांढरा पीव्हीसी पाइप हातभर कापून घ्या आणि कोरड्या लोकरीच्या मफलरने किंवा जुन्या स्वेटरच्या बाहीने घासा. पाइपवर ऋण प्रभार येतो, लोकरीवर तेवढाच धन. इलेक्ट्रॉन एकीकडून दुसरीकडे गेले, नवीन काही जन्माला आलं नाही. 'घर्षणाने प्रभार निर्माण होतो' असं उत्तरपत्रिकेत लिहायची सवय आहे, तिथे 'इलेक्ट्रॉनांचं स्थानांतर होतं' हे शब्द हवेत.

दुसरा दोष हवेचा. पावसाळ्यात प्रत्येक वस्तूवर पाण्याचा न दिसणारा थर बसतो आणि प्रभार त्या थरावरून हाताकडे निघून जातो. पाइप, लोकर, कागद, सगळं आधी उन्हात किंवा चुलीच्या उबेला वाळवा आणि वाळल्याबरोबर प्रयोग करा. आपल्याकडे या प्रयोगाला खरा हंगाम म्हणजे डिसेंबर-जानेवारीची कोरडी थंडी, नाहीतर एप्रिल-मेचं रखरखीत ऊन. पण मे महिन्यात शाळा बंद असते, आणि घरी प्रयोग करणारे नेमके कूलरसमोर बसतात. कूलर म्हणजे हवेत पाणी सोडणारं यंत्रच. तो बंद करा, अर्ध्या तासाने बघा.

या ओलीचा उलटा उपयोग सूतगिरणीत होतो. कोरड्या हवेत कापसाचे तंतू घर्षणाने प्रभारित होतात, एकमेकांना ढकलतात, यंत्राला चिकटतात आणि सूत तुटतं. म्हणून तिथे हवेत मुद्दाम आर्द्रता राखतात. जी ओल तुमचा प्रयोग बिघडवते तीच तिथे धागा सांभाळते.

तिसरा दोष हाताचा. स्टीलचा चमचा लोकरीने घासून 'धातूवर प्रभार येत नाही' असा निष्कर्ष काढू नका. येतो, पण तुमच्या हातातून आणि अंगातून जमिनीत जातो. तोच चमचा कोरड्या प्लास्टिकच्या मुठीत घट्ट बसवा, मुठीलाच धरा आणि मग घासा.

विद्युतदर्शी बनवताना

विज्ञान प्रदर्शनात दर वर्षी काचेच्या बरणीतला विद्युतदर्शी असतो. प्रभार मिळाला की तारेला टांगलेल्या पातळ पट्ट्या, म्हणजे त्याची 'पानं', फाकायला हवीत, पण परीक्षक समोर आले की ती नेमकी मिटलेली असतात. बरणीकडे जरा जवळून बघा. तांब्याची तार पुठ्ठ्याच्या झाकणातून आत गेलेली दिसते. पुठ्ठा ओल धरतो, त्यातून प्रभार काचेवर आणि काचेवरून टेबलावर. तारेभोवती मेणबत्तीचं मेण ओतून जाडसर बूच करा, मेण उत्तम विद्युतरोधक आहे. तारेचं वरचं टोक कापलेलं, टोकदार राहिलेलं असतं. टोकावर विद्युतक्षेत्र तीव्र होतं आणि प्रभार तिथून हवेत सुटतो, म्हणून त्याला वळवून गोल वेटोळं करा. पानांसाठी पोळ्या गुंडाळायचा जाड फॉइल घेतला तर तो हलणारच नाही. धातूच्या पातळ वेष्टनाच्या दोन अरुंद पट्ट्या घ्या, घडी पाडू नका, नाहीतर त्या एकमेकींत अडकून बसतात.

चार्ल्स कूलॉम या फ्रेंच अभियंत्याने 1785 मध्ये पिळाच्या तराजूने (तार किती पिळली त्यावरून बल मोजणाऱ्या साधनाने) प्रभारांमधलं बल मोजलं, तेव्हा त्यालाही याच गळतीने छळलं होतं. त्याच्या तराजूची आडवी काडी मेण चढवलेली होती आणि तिच्या टोकाला लाखेची कांडी होती. लाख म्हणजे आपल्याकडे पळसावर पिकते तीच. प्रभार कसा गळतो यावर त्याने निराळा निबंध लिहिला. त्यामुळे तुमची पानं मिटली तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, तार मात्र मेणात बसवा.

आकर्षण झालं म्हणजे सिद्ध झालं, असं नाही

ही चूक दहावी-बारावीपर्यंत सोबत येते. एक वस्तू दुसरीकडे ओढली गेली की 'दोघींवर विजातीय प्रभार आहे' असं लिहून मोकळे होतात. करून बघा: तुरीची वाळलेली सरळ तुऱ्हाटी मधोमध दोऱ्याने बांधून आडवी टांगा. तिच्यावर प्रभार नाही. घासलेला पाइप टोकाजवळ न्या, तुऱ्हाटी वळून त्याच्याकडे येते. पाइपच्या ऋण प्रभारामुळे काडीच्या रेणूंमधला ऋण भाग किंचित मागे सरतो, धन भाग किंचित पुढे येतो. पुढचा जवळ म्हणून त्याचं आकर्षण जास्त, मागचा लांब म्हणून प्रतिकर्षण कमी, आणि उरतं ते आकर्षण. पाइप धन असता तरी तुऱ्हाटी आलीच असती. वस्तू प्रभारित असल्याचा भरवशाचा पुरावा प्रतिकर्षण हाच.

मग प्रतिकर्षण दाखवायला जावं तर तेही बिनसतं. एक पाइप टांगायचा, दुसरा हातात, दोन्ही एकाच लोकरीने घासायचे. पाइप दुर्वाहक आहे, म्हणून जिथे घासला तिथेच प्रभार बसतो. घासायचं एक टोक आणि समोर आणायचं दुसरं, असा घोळ हमखास होतो. घासलेलं टोक खडूने खूण करून ठेवा. दुसरं, घाईने एकदम जवळ नेऊ नका. एका पाइपवर प्रभार जास्त आणि दुसऱ्यावर अगदी थोडा असेल, तर फार जवळ आल्यावर वर सांगितलेलं आकर्षण वरचढ ठरतं आणि सजातीय प्रभारही एकमेकांना ओढताना दिसतात. लांबून, हळूहळू या.

आधीच्या प्रयोगाचा उरलेला प्रभार घालवायला ओलं फडकं फिरवाल तर पाइप पुन्हा वाळवत बसावा लागेल. मेणबत्तीच्या ज्योतीवरून, न तापवता, झटकन एकदा न्या. ज्योतीतले आयन, म्हणजे प्रभारित कण, हा प्रभार मिटवून टाकतात.

कपटे उडी मारून पाइपला चिकटतात आणि काही क्षणांनी फेकल्यासारखे उडतात, तेव्हा 'प्रभार संपला' म्हणू नका. स्पर्श झाल्यावर कपट्याने पाइपचाच प्रभार घेतला आणि आता तो ढकलला जातोय. फॉइलचा तुकडा ठेवलात तर हे लगेच दिसतं.

गणितात गुण कुठे जातात

प्रभार कूलॉम या एककात मोजतात. समजा 2 मायक्रोकूलॉम आणि 3 मायक्रोकूलॉम असे दोन प्रभार हवेत 30 सेंमी अंतरावर आहेत. सूत्र: दोन प्रभारांच्या गुणाकाराला अंतराच्या वर्गाने भागा आणि 9 × 10⁹ ने गुणा. मायक्रो म्हणजे 10⁻⁶, म्हणून गुणाकार 6 × 10⁻¹². अंतर 0.3 मीटर, वर्ग 0.09. उत्तर 0.6 न्यूटन, म्हणजे साधारण 60 ग्रॅम वजनाएवढं.

सेंटिमीटर तसेच ठेवले की उत्तर 0.00006 न्यूटन येतं, दहा हजार पट कमी. वर्ग करायचा राहिला की 0.18. ही दोन उत्तरं पर्यायांत मुद्दाम दिलेली असतात, म्हणून 'उत्तर पर्यायात आहे' यावर खुश होऊ नका.

बल दोघांवर सारखंच असतं. 3 वाल्यावर जास्त आणि 2 वाल्यावर कमी असं वाटणं स्वाभाविक आहे, पण दोन्हीकडे 0.6 न्यूटनच, दिशा उलट. अंतर निम्मं, 15 सेंमी केलं की बल दुप्पट होत नाही, चौपट होतं: 2.4 न्यूटन. उणे चिन्ह सूत्रात कोंबून दिशा काढायचा खटाटोपही नको. आकडा चिन्हाशिवाय काढा, दिशा आकृतीवर बाणाने दाखवा.

दोन सारख्या धातूच्या गोळ्या, +6 आणि −2 मायक्रोकूलॉमच्या, एकमेकींना लावून पुन्हा त्याच अंतरावर ठेवल्या तर? बेरीज +4, ती दोघींत वाटायची, प्रत्येकी +2. पुष्कळजण वाटायचं विसरतात. आधी आकर्षण होतं, आता प्रतिकर्षण, आणि बल आधीच्या एक तृतीयांश.

एक कूलॉम ही 'छोटी संख्या' समजून उत्तर तपासू नका. एकेक कूलॉमचे दोन प्रभार एक किलोमीटरवर ठेवता आले, तरी त्यांच्यातलं बल 9,000 न्यूटन भरेल, नऊ क्विंटल कापसाच्या वजनाएवढं. म्हणूनच घासलेल्या पाइपवरच्या प्रभाराचं उत्तर एक-दोन कूलॉम आलं तर कुठेतरी घात चुकलाय.

वर्गाबाहेरच्या चुका

फवारणी पंपासाठी पेट्रोल नेताना प्लास्टिकची डबकी गाडीच्या सीटवर ठेवून भरू नका. वाहतं पेट्रोल आणि प्लास्टिक यांवर प्रभार साठतो, त्याला जमिनीकडे वाट मिळत नाही. कोरड्या दिवसात माणसाच्या अंगावर साठलेल्या प्रभाराच्या ठिणगीत काही मिलीज्यूल ऊर्जा असू शकते. पेट्रोलची वाफ पेटायला मिलीज्यूलचा चौथा हिस्सा पुरतो. धातूचं भांडं घ्या, जमिनीवर ठेवा, नोझल भांड्याला टेकवून भरा.

आकाशातल्या विजेबाबत गैरसमज जास्त घातक आहेत. रबरी चप्पल काही वाचवत नाही. जी वीज किलोमीटरभर हवा फोडून आली तिला बोटभर रबर किती अडवणार? मोबाइल वीज ओढतो हेही खरं नाही. धुऱ्यावरच्या एकट्या झाडाखाली मात्र थांबू नका, तिथे झाडावरची वीज अंगावर उडी घेते. झाडाखाली बांधलेली जनावरं दगावतात ती बरेचदा पायांमुळे: जमिनीत पसरणाऱ्या विजेचा दाब पुढच्या आणि मागच्या पायांशी वेगवेगळा असतो आणि प्रवाह पोटातून जातो. उघड्यावर सापडलात तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका. पक्कं घर किंवा बंद टपाची गाडी जवळ असेल तर आधी तिकडे जा. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर पडू नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपास पडणाऱ्या विजेची सूचना देतं.

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहतो म्हणून हात लावायला लोक घाबरतात. अंगात काहीही उरलेलं नसतं, प्रभार क्षणात जमिनीत गेलेला असतो. त्याला शेणात पुरून ठेवू नका. श्वास चालत नसेल तर लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला 100 ते 120 वेळा जोरात दाबत राहा आणि दुसऱ्या कोणाला तरी 108 लावायला सांगा.