कास बघायचं तर गुडघे टेकायची तयारी ठेवा

साताऱ्याजवळच्या कास पठारावरून परतलेल्यांची नेहमीची तक्रार असते: "फोटोत दिसतात तशी फुलं काही नव्हती." बहुतेक वेळा फुलं असतात. ती नखाएवढी असतात, काही तर मोहरीएवढी, आणि माणूस मात्र उभ्या उभ्या क्षितिजापर्यंतचा गालिचा शोधत असतो. गालिचाही असतो, पण वर्षातले मोजके दिवस, तोही पावसाच्या मर्जीने. ज्यांना कास वेड लावतं, ते लोक दरवर्षी जातात आणि दरवर्षी वीतभर जमिनीवर नवं काहीतरी बघून येतात. तसं बघायचं कसं, ते इथे सांगतो.

आधी दगड समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होतं. साताऱ्याच्या पश्चिमेला साधारण २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर हे जांभ्या दगडाचं पठार आहे. दगडावर मातीचा थर बऱ्याच ठिकाणी बोटभर. झाडाचं मूळ खोल जाऊच शकत नाही, म्हणून मोठी झाडं नाहीत. पावसाळ्यात पाणी खाली मुरायला वाव नसल्याने जमीन चिंब राहते आणि पाऊस संपला की काही आठवड्यांत तीच जमीन तव्यासारखी तापते. म्हणजे उगवायचं, फुलायचं, बी धरायचं, सगळं तीन-चार महिन्यांत. त्यामुळेच इथे इतक्या जातींची एवढी घाई दिसते. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात कास आहे.

कधी जायचं

"कासचा हंगाम" असा एकच नसतो, पाळ्या असतात. जुलैत धुक्यात चवरीचे पांढरे तुरे आणि जमिनीवरच्या आमरी, म्हणजे ऑर्किड. ऑगस्टमध्ये ओलसर जागी गेंदाची पांढरी बटणं, सीतेची आसवं आणि दवबिंदू नावाचं किडे खाणारं रोप. साधारण गौरी-गणपतीच्या आगेमागे तेरड्याचा गुलाबी रंग चढतो. "तेरड्याचा रंग तीन दिवस" ही म्हण इथे फार खरी वाटते, कारण आज भरलेला उतार पुढच्या रविवारी ओसरलेला असू शकतो. सप्टेंबरच्या उत्तरार्धात कवल्याची पिवळी फुलं येतात, पाकळीवरच्या दोन लाल ठिपक्यांमुळे पोरं त्यांना मिकी माऊस म्हणतात. मग सोनकी. सोनकी फुलली की पठार पिवळं होतं आणि पाऊस निघाला असं समजावं.

एकदाच जाणं शक्य असेल तर सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा धरा, पण पाऊस लांबला तर हे सगळं आठ-पंधरा दिवस पुढे सरकतं. म्हणून तारीख महिनाभर आधी पक्की करू नका. टोपली कारवीसाठी जाणार असाल तर आधी चौकशी करा. पालथ्या टोपलीसारखी गोल झुडपं दरवर्षी दिसतील, जांभळी निळी फुलं मात्र सात वर्षांतून एकदाच सामूहिकपणे येतात.

वार मंगळवार ते गुरुवार. शनिवार-रविवारी यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग लागते आणि तुमचा सकाळचा उजेड गाडीतच जातो. हंगामात प्रवेश शुल्क असतं, ऑनलाइन नोंदणी असते आणि दिवसाला किती माणसं सोडायची हेही ठरलेलं असतं. परिसरातल्या गावांची वन व्यवस्थापन समिती हे काम बघते. नोंदणीची पावती मोबाइलमध्ये आधीच उतरवून घ्या. वर गेल्यावर रेंजचा भरवसा नाही.

पोहोचणं आणि सामान

साताऱ्यातून राजवाडा, समर्थ मंदिर, मग यवतेश्वर घाट. साधारण एक तास धरा. एस.टी.ने जायचं तर सातारा स्टँडवरून बामणोलीची गाडी पठारावरून जाते, फक्त परतीची वेळ उतरतानाच वाहकाला विचारून ठेवा. पेट्रोल साताऱ्यातच भरा. पठारावर आठ-साडेआठला पोहोचलात तर धुकं असेल आणि ते चांगलंच. धुकं अर्ध्या तासात सरकतं आणि नऊ ते अकराचा तिरपा उजेड बारीक फुलांना सगळ्यात मानवतो.

छत्री नेऊ नका. वाऱ्याने उलटते आणि हात अडकतो. रेनकोट हवा. बूट खाचदार तळव्याचे, कारण ओल्या जांभ्यावर शेवाळ असतं आणि सपाट चपलेने पाय सटकतो, तोही बहुतेक वेळा दुसऱ्याचा फोटो काढताना मागे सरकल्यामुळे. दहा पट मोठं दाखवणारं छोटं भिंग घ्या. बसायला गोणपाटाचा किंवा जाड प्लास्टिकचा हातभर तुकडा, तो पायवाटेवरच पसरायचा. पाण्याची बाटली आणि कचऱ्याची स्वतःची पिशवी.

बघायचं कसं

आखलेल्या वाटेवर थांबा, कडेला गुडघे टेका आणि समोरच्या वीतभर जागेवर दहा मिनिटं नजर ठेवा. पहिली दोन मिनिटं गवतच दिसेल. मग ओलसर कडेला सीतेची आसवं दिसतील, निळसर जांभळी, काडीवर टांगल्यासारखी. या जमिनीत नत्र फार कमी, म्हणून हे रोप किडे खातं. चिखलात त्याच्या फुग्यासारख्या बारीक पिशव्या असतात, त्या पाण्यातले सूक्ष्म जीव क्षणात आत ओढतात. त्या तुम्हाला दिसणार नाहीत. दवबिंदूची शिकार मात्र दिसते. उजेड समोर येईल असं बसा, म्हणजे पानांवरच्या लालसर केसांच्या टोकावरचे चिकट थेंब चमकतात. एखादा किडा चिकटलेला असतोच. बोट लावू नका, थेंब पुसला गेला की त्या केसाची शिकार बुडाली.

फुलं बघून जमीन वाचता येते. गेंद दाट दिसले की खाली पाणी साचलंय असं समजा. डबक्यात इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला गुलाबी तुरा दिसला तर तो वायतुरा. जगात फार थोड्या ठिकाणी उगवतो आणि त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. डबकं आटलं की त्याचा कंद जमिनीत पुढच्या पावसाची वाट बघत पडून राहतो. कंदीलपुष्प सापडलं तर नशीब. त्याच्या नळीत माशी शिरते, खाली वळलेल्या केसांमुळे बाहेर येऊ शकत नाही आणि केस कोमेजल्यावर परागकण घेऊन सुटते.

पाय वाटेबाहेर पडला की काय होतं, हे नीट सांगायला हवं. बोटभर माती दबून दगडाला चिकटते, तिच्यातली बीजं आणि कंद चिरडतात. फुलांत बसून काढलेल्या एका फोटोची जागा पुढच्या वर्षी लांबूनही ओळखू येते. उपटून नेलेला कंद घरच्या कुंडीत टिकत नाही, त्याला हा दगड आणि हे ऊन-पाणी लागतं. पण माणसाचा पाय आणि गुरांचं चरणं एकाच मापाने मोजू नये. इथे पिढ्यान्‌पिढ्या गुरं चरत आली, त्यामुळे गवत आटोक्यात राहून बुटक्या फुलांना ऊन मिळत होतं, असं गावकरी सांगतात. ते मनावर घेण्यासारखं आहे.

वेळ असेल तर जुन्या राजमार्गाने कुमुदिनी तलावापर्यंत चालत जा. पांढऱ्या पाकळ्यांवर कापसासारखे केस असलेलं फूल तिथे पाण्यावर पसरलेलं असतं. कास तलाव पुढे बामणोलीच्या रस्त्यावर आहे. त्याचं पाणी साताऱ्याला पिण्यासाठी जातं, त्यात हातपाय धुऊ नका. वासोटा किल्ल्याचा बेत मात्र त्याच दिवशी करू नका. त्याला बामणोलीहून लाँच, वन खात्याची परवानगी आणि अख्खा दिवस लागतो.

जेवायला पठाराच्या खाली-वर पिठलं-भाकरी मिळते. दुपारनंतर ढग उतरतात, फुलं मिटू लागतात आणि घाटात दहा फुटांवरचं दिसेनासं होतं. चारच्या आत उतरायला लागा, दिवे लावून, आणि वळणावर हॉर्न द्यायला विसरू नका.